आर ५० की झेड ५०-टू? पहिला मिररलेस घेण्याआधी सोलापुरातच करून पाहायच्या चाचण्या

पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घेताना बहुतेक जण दोन मॉडेलपर्यंत येऊन थांबतात आणि मग तिथेच महिनाभर अडकतात. सध्या अशी जोडी म्हणजे कॅननचा ईओएस आर ५० आणि निकॉनचा झेड ५०-टू. पहिला फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, दुसरा नोव्हेंबर २०२४ मध्ये. दोन्हींत एपीएस-सी आकाराचा (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सर आहे, दोन्हींना व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे, स्क्रीन बाजूला उघडून फिरवता येते आणि पॉप-अप फ्लॅशही आहे. दोन्हींच्या बॉडीत सेन्सर हलवून धक्का शोषणारी यंत्रणा मात्र नाही. झेड ५०-टू महाग आहे. तेवढे जास्त पैसे तुमच्या कामाला लागू पडतात का, हे ठरवण्यासाठी हा लेख आहे. उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल. चाचणीची पद्धत एकच आहे आणि ती इतर कुठल्याही दोन कॅमेऱ्यांना लावता येते.

यादीत सोनीचा झेडव्ही-ई१० किंवा निकॉनचा झेड ३० का नाही, असं विचाराल. ते चांगले कॅमेरे आहेत, पण त्यांना व्ह्यूफाइंडर नाही. सोलापुरात एप्रिल-मेच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर काही दिसत नाही. हाताचा आडोसा करून फोटो काढावे लागतात आणि निम्मे वाकडे येतात. घरात बसून फक्त व्हिडिओ करणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा. बाहेर फिरणाऱ्याला डोळ्याला लावायचा कॅमेराच हवा.

आधी कागद घ्या, दुकानात नंतर जा

पुढच्या वर्षभरात तुम्ही कशाचे फोटो काढणार, हे चार ओळींत लिहा. "सगळ्याचेच" असं लिहू नका. सोलापूरकराच्या कागदावर साधारण यातलं काहीतरी येतं: घरातली लहान मुलं आणि समारंभ, कार्यालयातल्या लग्नात मुख्य फोटोग्राफरच्या हाताखाली काम, हिप्परग्याच्या तलावावरचे पक्षी आणि नान्नजच्या माळावरचे काळवीट, जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा, चादरी-टॉवेलचे ऑनलाइन विक्रीसाठी फोटो. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: उजेड किती, विषय किती लांब, विषय किती हलतो.

एवढं लिहिलं की बरेचसे प्रश्न तिथेच सुटतात. टॉवेलचा फोटो स्टँडवर, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ ८ वर (एफ म्हणजे लेन्सच्या भोकाचा, अ‍ॅपर्चरचा आकडा; तो लहान तेवढं भोक मोठं), दोन दिव्यांच्या उजेडात काढायचा असतो. तिथे या दोन कॅमेऱ्यांत ग्राहकाला ओळखता येईल असा फरक पडत नाही. तुमचं काम एवढंच असेल तर स्वस्तातला घ्या आणि उरलेले पैसे दोन चांगले दिवे, एक स्टँड आणि रंग जुळवायचं ग्रे कार्ड यांवर घाला. अशा कामात रंग चुकतो तो दिव्यांमुळे. खिडकीतला उजेड आणि डोक्यावरची ट्यूब एकत्र आली की पांढरा टॉवेल एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला पिवळट दिसतो आणि ते कुठलाच कॅमेरा सुधारत नाही.

कागदावरचे कुठले आकडे वाचायचे

मेगापिक्सेल सोडून द्या. कॅननमध्ये २४.२, निकॉनमध्ये २०.९. म्हणजे फोटोची रुंदी ६००० विरुद्ध ५५६८ पिक्सेल, फरक आठ टक्क्यांहूनही कमी. लग्नाच्या अल्बमचं १२ × १८ इंचांचं पान ३०० डीपीआयवर छापायला ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात. दोन्ही कॅमेरे तेवढे देतात.

वजन मात्र वाचा. बॅटरी आणि कार्डासकट आर ५० भरतो ३७५ ग्रॅम, झेड ५०-टू ५५० ग्रॅम. किट लेन्ससह (कॅमेऱ्याबरोबर डब्यात मिळणारी लेन्स) ५०५ विरुद्ध ६८५, आणि दोन्ही कंपन्यांची लांब पल्ल्याची दुसरी किट लेन्स पिशवीत टाकली की साधारण ७७५ विरुद्ध १०९०. पंढरपूरच्या वाटेवर दिवसभर गळ्यात अडकवणाऱ्याला हे तीनशे ग्रॅम जाणवतात. उलट मोठ्या हाताच्या माणसाला आर ५० ची पकड अपुरी पडते, करंगळी खाली लोंबकळत राहते. हे धरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

चकत्या मोजा. आर ५० ला सेटिंग फिरवायची एकच चकती आहे, झेड ५०-टू ला दोन. ऑटोवर काढणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण मॅन्युअल मोडवर काम करायचं असेल तर निकॉनवर अंगठ्याने शटर स्पीड आणि तर्जनीने अ‍ॅपर्चर असं एकाच वेळी फिरवता येतं. कॅननवर मध्ये एक बटण दाबून चकतीचं काम बदलावं लागतं. वरमाला पडायच्या क्षणी हे अर्धं सेकंद महाग पडतं.

पुढचा मुद्दा लग्नात काम करणाऱ्यांनी दोनदा वाचावा. आर ५० च्या डोक्यावरच्या फ्लॅश शूला जुने नेहमीचे संपर्क-बिंदू नाहीत. तुमच्याकडे असलेला फ्लॅश किंवा वायरलेस ट्रिगर त्यावर सरकवला तर बसेल, पण पेटणार नाही. त्यासाठी कॅननचा एडी-ई१ अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो. झेड ५०-टू वर साधा हॉट शू आहे. फ्लॅश आधीच घरात असेल तर अ‍ॅडॉप्टरची किंमत आर ५० च्या खात्यात धरूनच तुलना करा.

शटरचाही फरक आहे. आर ५० मध्ये पूर्ण यांत्रिक शटर नाही. पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक आणि दुसरा यांत्रिक, किंवा दोन्ही इलेक्ट्रॉनिक, असे दोनच पर्याय. रोजच्या फोटोत काही बिघडत नाही. पण एफ १.८ ची लेन्स लावून १/२००० च्या वरचा वेग वापरला तर मागच्या धूसर उजेडाचे गोळे अर्धवट कापल्यासारखे दिसू शकतात. आणि सोलापूरच्या दुपारी एवढा वेग लागतोच. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० वर एफ १६ ला साधारण १/१००, या हिशेबाने एफ १.८ ला १/८००० लागेल. १/४००० च्या मर्यादेत राहायचं तर लेन्स एफ २.५ पर्यंत बंद करावी लागते. उन्हात मागचं धूसर करून पोर्ट्रेट काढायची हौस असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) यादीत घाला, कॅमेरा कुठलाही घ्या.

खरी तुलना लेन्सची

आमच्या मते या दोघांतला निर्णय साठ-सत्तर टक्के इथे होतो आणि लोक नेमकं इथेच घाई करतात. बॉडी तीन-चार वर्षांत बदलते. लेन्स राहते.

किट लेन्सपासून सुरू करू. कॅननची १८-४५ एफ ४.५-६.३, निकॉनची १६-५० एफ ३.५-६.३. फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेत पहिली साधारण २९-७२ होते, दुसरी २४-७५. कागदावर पाच मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण भुईकोट किल्ल्याचा बुरूज किंवा दहा बाय दहाच्या खोलीतलं केळवण फ्रेममध्ये बसवायला २४ आणि २९ मध्ये एक पाऊल मागे सरकण्याएवढा फरक असतो, आणि मागे बहुधा भिंत असते. शिवाय रुंद टोकाला एफ ३.५ मधून एफ ४.५ पेक्षा सुमारे १.६ पट उजेड आत येतो. किट लेन्समध्ये निकॉन सरळ पुढे आहे.

लांब टोकाला दोघी एफ ६.३ वर येतात आणि तिथे दोघींचे हाल सारखेच. मंगल कार्यालयात संध्याकाळी एफ ६.३ वर आयएसओ ६४०० लागत असेल, तर एफ १.८ च्या लेन्सवर तेच काम आयएसओ ५०० च्या आसपास होतं, कारण उजेड बारा पट जास्त येतो. कुठलीही नवी बॉडी बारा पटीची सुधारणा देत नाही. म्हणून समारंभ ज्याच्या यादीत आहेत त्याने किटबरोबर एक मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स पहिल्याच दिवशी धरावी. कॅननमध्ये आरएफ ५० एफ १.८: छोटी, १६० ग्रॅमची, चेहऱ्यांसाठी उत्तम, पण या सेन्सरवर ती ८० मिलिमीटरसारखी वागते, म्हणून लहान खोलीत अडचण होते. निकॉनमध्ये डीएक्स २४ एफ १.७ घरातल्या फोटोंना आणि झेड ४० एफ २ चेहऱ्यांना. या तिन्हींत स्थिरीकरण (हाताचा धक्का शोषणारी यंत्रणा) नाही, बॉडीतही नाही, तेव्हा हलत्या माणसांसाठी १/१२५ च्या खाली जाऊ नका.

पुढे एफ २.८ ची झूम घ्यायचा विचार असेल तर कॅननवर सिग्माची १८-५० एफ २.८ मिळते, हलकी आहे, स्थिरीकरण नाही. निकॉनने स्वतःची डीएक्स १६-५० एफ २.८ व्हीआर काढली आहे, तिच्यात स्थिरीकरण आहे. लग्नात व्हिडिओ आणि फोटो दोन्ही करणाऱ्याला निकॉनची बाजू इथे भक्कम पडते.

आता पक्षी आणि काळवीट. दुसरी किट लेन्स कॅननची ५५-२१०, निकॉनची ५०-२५०. दुकानात फुल फ्रेमच्या हिशेबाने सांगतात की निकॉन ३७५ पर्यंत जातो, कॅनन ३३६ पर्यंतच. हिशेब करून पाहा. नान्नजच्या माळावर शंभर मीटरवर सव्वा मीटरच्या आतबाहेर लांबीचा काळवीट आडवा उभा आहे, १२० सेंटिमीटर धरू. कॅननच्या २१० वर तो सुमारे ६८० पिक्सेल लांब येतो, निकॉनच्या २५० वर सुमारे ७१०. छापला तर दोन्हीकडे सव्वादोन इंचांच्या आसपास. कॅननचे पिक्सेल लहान आहेत म्हणून लांबीतला फायदा जवळजवळ फिटतो. म्हणजे या कामाला दोन्ही किट लेन्स अपुऱ्या आहेत.

खरा फरक पुढच्या पायरीवर. कॅननची आरएफ १००-४०० एफ ५.६-८ ही ६३५ ग्रॅमची, तुलनेने परवडणारी लेन्स आहे. तोच काळवीट तिच्या ४०० टोकाला १२९० पिक्सेलच्या घरात जातो. निकॉनकडे झेड २८-४०० आहे, पण बरीच महाग. १८०-६०० आहे, ती उत्कृष्ट, पण जवळजवळ दोन किलोची आणि पहिल्या कॅमेऱ्याच्या बजेटबाहेरची. झेड ५०-टू चा पक्षी ओळखणारा फोकस चांगला आहे, त्यात वाद नाही. तरी मर्यादित पैशात पक्षी काढणाऱ्याला आमचा कौल आर ५० आणि १००-४०० असाच आहे. एफ ८ असल्यामुळे सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात आयएसओ चढतो, हे मात्र गृहीत धरा. आणि कुठलीही लेन्स घेतली तरी ऊन तापल्यावर माळावरची हवा थरथरते आणि लांबचे फोटो मऊ येतात. हा लेन्सचा दोष समजून बरेच जण सर्व्हिसला धावतात. सकाळी साडेआठच्या आतला आणि अकराचा, असा एकाच खांबाचा फोटो काढून पाहा, खात्री पटेल.

घरात जुना डीएसएलआर असेल तर त्याच्या लेन्स तपासा. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड-टू अ‍ॅडॉप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी चालतात. पण जुनी ५० एफ १.८ डी, जी स्वस्त म्हणून अनेकांकडे असते, तिचा फोकस हातानेच करावा लागतो, कारण तिच्यात मोटर नाही आणि अ‍ॅडॉप्टरमध्येही नाही.

दुकानात: तासाभराचं काम

दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जा, गर्दी कमी असते. आधी फोन करून दोन्ही कॅमेरे डेमोला आहेत का विचारा. दोन्ही नसतील तर एक इथे पाहा आणि दुसऱ्यासाठी हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठा, पण दोन्ही हाताळल्याशिवाय पैसे देऊ नका. सोबत एक माणूस, दोन रिकामी एसडी कार्डं (मार्करने "क" आणि "नि" लिहून), आणि घडी घातलेली एक सोलापुरी चादर न्या. चादर कशाला ते पुढे येतंच.

दोन्ही कॅमेरे सारख्या सेटिंगवर आणणं हे पहिलं काम. कार्ड फॉरमॅट करा. रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग दोन्ही चालू करा. कॅननचं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर आणि निकॉनचं अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग बंद करा, नाहीतर एक कॅमेरा सावल्या उजळवून दाखवतो आणि तुम्हाला वाटतं त्याचा सेन्सर चांगला. व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक ठरवणारी सेटिंग) दोन्हीकडे ऑटोऐवजी एकाच ठरावीक पर्यायावर ठेवा. दोन्ही किट लेन्स बंद अवस्थेतून फिरवून उघडाव्या लागतात. तसं न करता कॅमेरा चालू केला की इशारा येतो. तो बिघाड नाही.

पहिली चाचणी, हात हलण्याची. लेन्स लांब टोकाला, शटर १/८, दुकानातली एखादी छापील पाटी. दोन्हींवर दहा-दहा फोटो, श्वास सोडून हळूच बटण दाबत. मग शंभर टक्के मोठे करून दहापैकी किती फोटोंत अक्षरं स्वच्छ आली ते मोजा. सहापेक्षा कमी आले तर तो कॅमेरा तुमच्या हातात नीट बसत नाही असं समजा. वजन आणि पकड यांचा परिणाम इथे आकड्यात दिसतो.

दुसरी, फोकसची. कॅननवर सर्व्हो, निकॉनवर एएफ-सी (दोन्ही म्हणजे हलत्या विषयावर सतत फोकस), डोळ्यांची ओळख चालू, शटर १/५००. सोबतच्या माणसाला दहा मीटरवरून दोन मीटरपर्यंत तुमच्याकडे चालत यायला सांगा, सलग फोटो काढा. पुन्हा एकदा चष्मा किंवा डोक्यावर पदर घेऊन. एक गोष्ट इथे फसवते: किट लेन्सच्या एफ ६.३ वर, दोन मीटरवर, जवळजवळ अर्ध्या मीटरचा पट्टा स्पष्ट दिसतो, त्यामुळे फोकस नाकावर गेला की कानावर, कळतच नाही. दुकानदाराकडून एफ १.८ ची लेन्स मागून तीच चाचणी करा. ५० मिलिमीटर, एफ १.८, दोन मीटर: इथे पट्टा फक्त ११ सेंटिमीटरचा उरतो आणि चूक लगेच उघडी पडते.

तिसरी, बर्स्टची, म्हणजे सलग फोटोंची. आर ५० सेकंदाला १२, झेड ५०-टू यांत्रिक शटरवर ११. वेग सारखाच, पण तो किती वेळ टिकतो हे महत्त्वाचं. रॉवर बटण दाबून धरा आणि मनात मोजा. आवाज अडखळायला लागला की बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती मेमरी) भरला. कॅननमध्ये तो लवकर भरतो. निकॉनला वेगवान यूएचएस-टू कार्ड चालतं, त्यामुळे तो लवकर मोकळाही होतो. आर ५० यूएचएस-वन पुरताच आहे, त्यात महागडं कार्ड घालून काही मिळत नाही.

चौथी, दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. दोन्ही कॅमेऱ्यांत आवाज न होणारं, पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर लावून १/५०० वर दिव्याखाली फोटो काढा. आडवे पट्टे दिसतील. आता १/१०० किंवा १/५० वर काढा, पट्टे जातील. कार्यालयातल्या स्टेजमागच्या एलईडी पडद्यासमोर हीच कटकट होते. उपाय दोन: इलेक्ट्रॉनिक शटर टाळा आणि वेग १/१०० वर आणा.

पाचवी चाचणी चादरीची. चादर भिंतीला किंवा काउंटरच्या पुढच्या बाजूला ताणून लावा, कॅमेरा तिच्या अगदी समोर, समांतर. एफ ५.६ ला मधोमध फोकस करून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. विणीचे चौकोन आणि धागे सगळीकडे सारखेच असल्यामुळे हा आयता तक्ता आहे. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ठीक; किट लेन्स तशीच असते. एक कोपरा स्वच्छ आणि त्याच्या समोरचा पुसट असेल, तर त्या लेन्समधली काच तिरकी बसली आहे. तो नग बदलून मागा. याच फोटोत बारीक विणीवर इंद्रधनुषी लाटा दिसल्या तर घाबरू नका. विणीचे आणि सेन्सरचे चौकोन एकमेकांत गुंतले की असं होतं. पाऊलभर पुढे-मागे झालात की लाटा जातात. चादरींचे फोटो विकण्यासाठी काढणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

शेवटी दुकानाच्या दारात, उन्हात उभे राहा आणि दोन्ही व्ह्यूफाइंडरमधून बघा. ठिपके दोन्हींत २३.६ लाख आहेत, तरी निकॉनचा मोठा आणि जास्त उजळ दिसतो. चष्मा घालत असाल तर चष्म्यासह चारही कोपरे दिसतात का ते तपासा.

घरी आल्यावर रॉ फाइल्स कॅननच्या डीपीपी आणि निकॉनच्या एनएक्स स्टुडिओत उघडा, दोन्ही मोफत आहेत. मोबाइलवर फोटो बघून निर्णय घेऊ नका.

व्हिडिओ

दोन्ही कॅमेरे फोर-के ३० फ्रेमपर्यंत पूर्ण सेन्सरवरून देतात आणि दिसायला दोन्ही चांगले आहेत. निकॉन फोर-के ६० ही देतो, पण तेव्हा चित्र आणखी दीडपट कापलं जातं, २४ चं दृश्य ३६ सारखं होतं. लहान खोलीत ते निरुपयोगी, मैदानात चालतं. निकॉनला हेडफोनचं भोक आहे, आर ५० ला फक्त माइकचं. मुलाखती घेणाऱ्यासाठी हा मोठा मुद्दा आहे, कारण माइकची पिन अर्धवट बसलेली आहे हे ऐकल्याशिवाय कळत नाही. आर ५० एका वेळी तासभर चालतो, झेड ५०-टू १२५ मिनिटं. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाचा अंक सलग टिपायचा असेल तर निकॉन घ्या.

काहीही घेतलं तरी पहिल्या दिवशी मेन्यूत जाऊन २५ किंवा ५० फ्रेम निवडा आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. कॅननमध्ये त्यासाठी व्हिडिओ सिस्टिम पाल (PAL) करावी लागते. ३० फ्रेमवर ठेवून १/६० ला चित्रण केलं की ट्यूबच्या उजेडात चित्र धडधडतं.

उष्णतेबद्दल स्पष्ट सांगायला हवं. वापरासाठी तापमानाची मर्यादा दोन्ही कंपन्या ४० अंशांपर्यंतच देतात. सोलापूरचा मे त्याच्या वर जातो. उन्हात सलग फोर-के चित्रण करताना कॅमेरा बंद पडला तर तो बिघडलेला नाही. स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवा, छत्री धरा, दोन तुकड्यांमध्ये बंद करा. आणि गाडीच्या डिकीत दुपारी कॅमेरा कधीच ठेवू नका.

एकूण खर्च आणि बिल

दोन रकाने करा. बॉडी आणि किट, दुसरी लेन्स, एक जादा मूळ बॅटरी (कॅननची एलपी-ई१७, निकॉनची ईएन-ईएल२५ए), ६४ जीबीची व्ही३० दर्जाची दोन कार्डं, पिशवी, फुंकणी, लागलाच तर फ्लॅश अ‍ॅडॉप्टर. आर ५० च्या १२० मेगाबिटच्या फोर-के चित्रणात ६४ जीबीवर सुमारे ७० मिनिटं मावतात, त्यावरून कार्डांचा अंदाज घ्या. डब्यात चार्जर आहे की फक्त केबल, हे उघडून पाहा. नसेल तर तोही खर्च लिहा. बेरजेत बॉडीचा हिस्सा साठ टक्क्यांच्या वर जात असेल तर बॉडी एक पायरी खाली आणा आणि लेन्स वाढवा.

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर बॉडी आणि लेन्स दोन्हींचे सीरियल नंबर लिहून घ्या. बॉडीवरचा, डब्यावरचा आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर एकच हवा. भारतातली वॉरंटी नसलेला माल बराच स्वस्त मिळतो, पण पहिल्या दुरुस्तीला तो फायदा संपतो. धंद्यासाठी घेत असाल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक त्याच वेळी घाला.

हातात आल्यावर, पहिल्या दोन दिवसांत

लेन्सचं झाकण लावून आयएसओ १६०० वर दहा सेकंदांचा फोटो काढा. लाल-निळे दोन-चार ठिपके दहा सेकंदांना चालतात. तेच १/६० ला आयएसओ १०० वर दिसले तर परत जा. मग पांढऱ्या भिंतीसमोर फोकस मुद्दाम बिघडवून एफ २२ वर फोटो घ्या आणि काळपट डाग शोधा. नव्या कॅमेऱ्यात एखादा डाग फुंकणीने जातो. तेलकट, कडा असलेले डाग गेले नाहीत तर दुकानाला दाखवा. लूमच्या शेडमध्ये किंवा वाऱ्यात माळावर लेन्स बदलू नका. सुताचा तंतू सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक आकाशात दिसतो. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली करून, पिशवीच्या आत बदला.

जानेवारीत यात्रेला जाणार असाल तर दोन गोष्टी आधी घरच्या गच्चीवर करून बघा. नंदीध्वज धरणाऱ्यांची पांढरी बाराबंदी दुपारच्या उन्हात जळून सपाट पांढरी येते. एक्स्पोजर कम्पेन्सेशन (फोटोचा उजळपणा कमी-जास्त करायची सेटिंग) उणे दोन-तृतीयांश ठेवा आणि फोटो बघताना जळलेला भाग लुकलुकवणारा इशारा चालू ठेवा. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर सराव होतो. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामासाठी ट्रायपॉड, लेन्सचं स्थिरीकरण बंद, आयएसओ १००, एफ ८ ते ११, शटर दोन ते सहा सेकंद. फोकस आधी लांबच्या दिव्यावर करून मॅन्युअलला टाका, नाहीतर अंधारात कॅमेरा फोकस शोधत राहतो आणि फटाका विझून जातो. आर ५० च्या किट लेन्सवर मॅन्युअल फोकसचं बटण नाही, ते मेन्यूत आहे. त्या रात्री शोधायला लागू नये म्हणून ते आधीच एखाद्या सोयीच्या बटणाला जोडून ठेवा.